टुकार सिनेमाची नोंद कोण ठेवणार?

मालेगावचा विषय निघाला की आमच्या कळसमध्येही कुणीतरी 2006 आणि 2008 चे बॉम्बस्फोट काढतं. मी मग शेख नासिर यांचं नाव काढतो.

व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या या माणसाने 2000 मध्ये 'मालेगाव के शोले' काढला. पुढच्या 'मालेगाव का सुपरमॅन'मध्ये सुपरमॅन झाले शफीक शेख, यंत्रमागावरचे किडकिडीत कामगार. कॅमेरा सायकलवर, क्रेन म्हणून बैलगाडी!

असल्या सिनेमाला टुकार म्हणून हसणं सोपं आहे. मीही पोट धरून हसलो. पण हसून झाल्यावर त्याची नोंद कोण ठेवतं? जाणकारांनी नाकं मुरडलेल्या चित्रपटांवर काही वेडे लोक पदरमोड करून लिहितात. कुणी काम केलं, पैसा कुठून आला, हे जपतात. त्यांचं ऋण आपण मानत नाही.

मालेगाववर फैझा अहमद खान यांनी 2008 मध्ये माहितीपट केला. तो 2012 मध्ये थिएटरांत लागला, तेव्हा शफीक हयात नव्हते. रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' आला 2025 मध्ये.

आपली प्रतिमा वाईट रंगवली जाते, ही तक्रार खरीच आहे. पण आपल्या कामगारांनी मागाच्या खडखडाटातून काढलेलं हसू आपण मराठीत किती लिहिलं? तुमच्या गावात असा कुणी हौशी कलावंत असेल, तर तो असेपर्यंत त्याच्याजवळ बसा. ऐका आणि लिहून ठेवा.