चाळीस दिवस थांबलेले पाहुणे

'क्वारंटाईन' हा शब्द २०२० साली आपल्या घराघरांत पोहोचला. इटालियन भाषेत 'क्वारान्ता' म्हणजे चाळीस. प्लेगच्या भीतीमुळे बंदराबाहेर थांबवलेल्या गलबतांना इतके दिवस वाट पाहावी लागे. त्यावरून हा शब्द आला. आधी १३७७ साली रागुसा, म्हणजे आजचे डुब्रॉव्निक, या बंदराने बाहेरून येणाऱ्यांसाठी तीस दिवसांचा नियम केला होता. व्हेनिसने तर १४२३ मध्ये प्लेगच्या रोग्यांसाठी एका बेटावर रुग्णालयच उभारले आणि १४६८ मध्ये संशयित गलबतांवरील माणसे व माल यांसाठी दुसरे बेट राखून ठेवले. मालाला धुरी देत, हवा दाखवीत.

गंमत अशी की, प्लेगचा जंतू सापडला तो थेट १८९४ साली! जंतू ठाऊक नसताना या लोकांनी एक गोष्ट मात्र ओळखली होती : आलेला माणूस आज धडधाकट दिसतो, एवढ्यावरून तो निरोगी ठरत नाही. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतच्या काळाला अधिशयन काल म्हणतात. प्लेगमध्ये तो साधारण एक ते सात दिवसांचा असतो. म्हणजे चाळीस दिवस पुरून उरणारे होते. तरीही १५७५ आणि १६३० मध्ये व्हेनिसमध्ये प्लेग शिरलाच. तेव्हा हा उपाय रामबाण होता असे कोणी समजू नये.

आता याच व्हेनिसमध्ये २०२० साली काय झाले ते पाहा. २३ फेब्रुवारीला तेथील प्रसिद्ध कार्निव्हल दोन दिवस आधीच गुंडाळावा लागला. मार्चमध्ये सारा इटली देश बंद झाला. नावांची वर्दळ थांबल्याने तळाचा गाळ ढवळला जाईना आणि कालव्यांचे पाणी नितळ दिसू लागले. (त्या पाण्यात डॉल्फिन आल्याची चित्रफीत पुष्कळांनी पाहिली असेल. ती व्हेनिसची नव्हतीच.) जूनमध्ये सीमा उघडल्या, प्रवासी परतू लागले आणि ठिकठिकाणच्या दारांवर तापमापक आले.

माझा आक्षेप या तापमापकावरील भाबड्या विश्वासाला आहे. तो शरीराची उष्णता मोजतो. विषाणू मोजत नाही. कोविडचा अधिशयन काल सरासरी पाच-सहा दिवसांचा असे, क्वचित चौदा दिवसांपर्यंत जाई. शिवाय लक्षणे दिसण्यापूर्वी एक-दोन दिवस माणूस रोग पसरवू शके. ताप नाही म्हणून आत सोडलेला पाहुणा तिसऱ्या दिवशी आजारी पडला, तर दोष कोणाला द्यायचा?

"पण तेथील लोकांचे पोट प्रवाशांवरच चालते ना?" असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. मालक नसलेल्या खोल्या आणि रिकाम्या नावा घेऊन महिनोन्‌महिने बसणे सोपे नव्हे. परंतु जुन्या व्हेनिसचे पोटही परदेशी व्यापाऱ्यांवरच चालत होते! त्याने व्यापाऱ्याला हाकलले नाही, थांबवले. आजच्या प्रवाशाजवळ चारच दिवसांची रजा असते. त्याला यायचे असते, थांबायचे मात्र नसते.

आपल्याकडेही हेच दिसले. जुलै २०२१ मध्ये मसुरीजवळच्या केम्प्टी धबधब्यावर इतकी झुंबड उडाली की, एका वेळी पन्नासच माणसे आणि तीही अर्धा तासच, असा नियम करावा लागला. धबधब्यापुरते हे ठीक. पण तेथवर आणणारी मोटार, खाणावळ, मुक्कामाची बंद खोली यांचे काय? उघड्यावरच्या धबधब्यापेक्षा धोका तेथे अधिक. आणि डोंगरातल्या लहान गावच्या दवाखान्यात खाटा गावापुरत्याच असतात. म्हणून साथीच्या दिवसांत 'मला काही होईल का?' एवढेच विचारून सहलीला निघणे मला मुळीच पटत नाही.

व्हेनिसजवळच्या त्या थांबण्याच्या बेटावर एक लांबलचक कोठार अजून उभे आहे. अडकून पडलेल्यांनी त्याच्या भिंतींवर लिहिलेला मजकूर आजही दिसतो. तो पाहायला मला एकदा जायचे आहे. साथ नसताना.