सांगणाऱ्याला काय म्हणायचं?

हट्टा, ता. वसमत, जि. हिंगोली

भावांनो, बायांनो,

मागं वनहक्काच्या कामाला डोंगरातल्या एका गावी गेलो होतो. तिथं शहरातून सर्व्हेवाले आलेले. एका आजीला त्यांनी तासभर विचारलं. जमीन कधीपासून वाहता, बांध कोणी घातला, विहीर कोणी खोदली. शेवटी कागद पुढं केला. अंगठा द्यायच्या आधी आजी म्हणाली, "यात मला काय म्हणून लिहिलंस बाबा?" पोरगा म्हणाला, "उत्तरदाता." आजी म्हणाली, "म्हंजी?" आम्हालाही चटकन सांगता आलं नाही.

मराठीत मुलाखत घेणाऱ्याला मुलाखतकार हा रुळलेला शब्द आहे. देणाऱ्याला तसा शब्द नाही. कोणी 'मुलाखतदाता' लिहितात, पण तो कोणाच्या तोंडी नाही. नोकरीला गेलेला उमेदवार, कोर्टातला साक्षीदार, सर्व्हेतला उत्तरदाता. पोलीस तर नुसता 'जबाब' घेतात. मुलाखत हा शब्द अरबीतून आला, त्याचा मूळ अर्थ भेट. भेटीत दोघं बरोबरीचे असतात. आपल्याकडं मात्र विचारणारा खुर्चीवर अन् सांगणारा भुईवर.

काही कार्यकर्ते म्हणतात, शब्दाचं काय घेऊन बसलात, पट्टा मिळाल्याशी मतलब. आम्हाला हे पटत नाही. 'जबाब द्या' म्हटलं की आपला माणूस गुन्हेगारासारखा उभा राहतो. भ्यालेला माणूस निम्मंच सांगतो. "लई वर्सं झाली" म्हणतो अन् गप बसतो. आणि पट्टा तर त्या सांगण्यावरच अडलेला असतो.

वनहक्क कायदा 2006 चा. त्याच्या नियम 13 मध्ये वडीलधाऱ्यांचं सांगणं हा पुरावा धरला आहे. ते लेखी उतरवलेलं हवं, आणि सांगणारा स्वतः दावेदार नसावा. घर, बांध, जुनी विहीर, मसणवटा हेही पुरावेच. एकाहून जास्त पुरावे जोडायचे असतात. 2012 च्या दुरुस्तीनं उपविभागीय आणि जिल्हा समितीला 'अमुकच कागद आणा' म्हणून अडवता येत नाही. आदिवासी दावेदाराचा ताबा 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा आहे, हे म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून नीट उतरलं, तर त्या कागदाला वजन येतं.

म्हणून आमचं म्हणणं, आपल्या कागदावर 'सांगणारा', 'सांगणारी' असंच लिहावं. हा शब्द आजीलाही कळतो, साहेबालाही. जो सांगतो त्याला थांबता येतं, दुरुस्त करता येतं, नाही म्हणता येतं.

ग्रामसभांनी एवढं करावं. कोणी विचारायला आलं तर आधी विचारावं, कशासाठी, आणि कागद कुठं जाणार? लिहिलेलं सगळं मोठ्यानं वाचून घ्यावं, मगच सही-अंगठा. एक प्रत वनहक्क समितीकडं ठेवावी.

त्या आजीनं अंगठा दिला नाही. "आधी वाचून दाखव," म्हणाली. वाचल्यावर कळलं, विहीर तिच्या सासऱ्यानं खोदली हे लिहायचंच राहिलं होतं. पोरानं ते लिहिलं, मग अंगठा झाला.

जोहार!