पायातून पोटात जाणारी वाट

दहा फेब्रुवारीच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाड्यांतून मुलांना अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी देतात. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी. २०१५ पासून हे चालू आहे. गोळी किती मुलांनी खाल्ली याची नोंद होते. त्यातलं मुलांना काय कळलं, हे कुणी विचारत नाही.

रेवदंडा-चौलच्या बाजूची मुलं तपासायला आली की मी विचारतो, ‘वाडीत अनवाणी फिरलं तर जंत पोटात कसा जाईल?’ बरीच मुलं म्हणतात, मातीचे हात तोंडात जातात म्हणून. उत्तर चांगलं आहे, पण ते दुसऱ्या जंताचं, गोल जंताचं. काहींच्या मते पाय आतून पोकळ असतो आणि जंत सरळ वर चढतो. (मोठ्यांना विचारून पाहा, फार वेगळं ऐकायला मिळेल असं नाही.)

माड-पोफळींच्या सावलीतली ओलसर, रेताड माती हुकवर्मच्या अळ्यांना मानवते. तिथे कुणी उघड्यावर शौचाला बसत असेल तर धोका खराच. अळी तळपायाच्या कातडीतून शिरते, रक्तातून हृदयात आणि तिथून फुप्फुसात पोचते. मग श्वासनलिकेतून घशाशी येते, गिळली जाते आणि लहान आतड्याला चिकटून रक्त पिते. म्हणून जंतांच्या गोळीबरोबर लोहाच्या गोळीचाही विषय निघतो. वयात आलेल्या मुलींत तर पाळीमुळेही रक्त जात असतं.

या एका प्रवासात त्वचा, रक्ताभिसरण, श्वसन आणि पचन हे सगळं येतं. पुस्तकात मात्र ते वेगवेगळ्या पाठांत असतं आणि परीक्षेत ‘नामनिर्देशित आकृती काढा’. हृदयाचे चारही कप्पे बिनचूक लिहिणारं मूल उजव्या कप्प्यातलं रक्त पुढे कुठे जातं म्हटलं की गप्प होतं. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या सिंधू मथाई आणि जयश्री रामदास यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांची आकृती आणि शब्द, दोन्हींतून अवयवांची रचना व कार्य कितपत कळलंय हे एकाच मापाने तपासलं होतं. शाळेला हे जड नाही.

कारण अल्बेंडाझोल आतड्यातला जंत मारतं, पुढचा अडवत नाही. तो चप्पल आणि संडास अडवतात. गोळीच्या आदल्या दिवशी मुलांना माणसाची नुसती बाह्यरेषा द्यावी आणि तळपायापासून आतड्यापर्यंतची वाट काढायला सांगावी. गुण देऊ नयेत. रेघ कुठे तुटते ते पाहावं आणि दुसऱ्या दिवशी तिथून शिकवायला घ्यावं.