गोळी घेतली, अंगावर गेले, आता पुढे काय?

प्रश्न : माझे वय २८. दोन मुले आहेत. निरोध फाटला म्हणून मिस्टरांनी दुसऱ्या दिवशी मेडिकलमधून ७२ तासांच्या आत घ्यायची गोळी आणली. सहाव्या दिवशी थोडे अंगावर गेले. आता पाळीची तारीख उलटून चार दिवस झाले. एक शेजारीण म्हणते, गर्भ पडला. दुसरी म्हणते, राहिला असेल तर मूल अपंग होईल. घरात बोलायची सोय नाही. काय करू?
– एक भगिनी

उत्तर : ताई, प्रथम मन शांत करा. दोन्ही शेजारणींचे म्हणणे चुकीचे आहे.

या गोळीत लेव्होनॉरजेस्ट्रेल हे औषध १.५ मिलिग्रॅम असते. ते स्त्रीबीज बाहेर पडणे लांबवते. राहिलेला गर्भ ते पाडत नाही आणि गर्भ असलाच, तर त्याला इजाही करत नाही. गोळीनंतर थोडे अंगावर जाणे, मळमळणे, पाळी आठवडाभर मागेपुढे होणे हे नेहमीचेच आहे. मात्र अंगावर गेले म्हणजे दिवस राहिले नाहीत, असे धरून चालू नका. गोळी प्रत्येक वेळी लागू पडतेच असे नाही.

पाळी आठवड्याहून अधिक लांबली किंवा संबंधाला तीन आठवडे झाले, की सकाळच्या पहिल्या लघवीची तपासणी करा. आशाताईंकडे किंवा सरकारी आरोग्य केंद्रात 'निश्चय' किट मिळते.

ओटीपोटात, विशेषतः एका बाजूला, जोराची कळ आली, चक्कर आली किंवा तासाला दोन-दोन घड्या भिजू लागल्या, तर वाट न पाहता दवाखाना गाठा. गर्भ नळीत राहिला असेल तर जिवाला धोका असतो.

दिवस राहिलेच आणि मूल नको असेल, तर मेडिकलमधून गर्भपाताच्या गोळ्या परस्पर आणू नका. ही गोळी वेगळी, त्या वेगळ्या. १९७१ च्या कायद्याने, २०२१ च्या दुरुस्तीनंतर, २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांच्या मतावर मान्यताप्राप्त दवाखान्यात गर्भपात करता येतो. सज्ञान बाईला नवऱ्याची वा सासूची सही लागत नाही. तिचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. ही तरतूद अविवाहित मुलींनाही लागू आहे.

इतर भगिनींनीही ध्यानात ठेवावे. गोळी जितकी लवकर घ्याल तितकी बरी. दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. क्षयरोगाची औषधे चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा, कारण त्यांतील रिफाम्पिसिनमुळे गोळीचा जोर कमी होतो. पाच दिवसांच्या आत तांबी बसवली तर ती गोळीपेक्षा खात्रीची, आणि पुढे अनेक वर्षे चालते.

ही गोळी अडचणीच्या वेळेपुरती आहे, पुढच्या संबंधापासून ती राखण करत नाही. कायमची सोय काय करावी, हे नवरा-बायकोने मिळून डॉक्टरांना विचारावे. दोघांच्या प्रश्नाचा भार एकट्या बाईने वाहू नये.