गडावर जातांना पायांत काय घालावें?

दसरा-दिवाळी झाली, हवेंत थोडा गारवा आला, म्हणजे मोठ्या कुटुंबांतून एखाद्या रविवारीं सिंहगडावर, राजगडावर, नाहीं तर कळसूबाईला जाण्याचे बेत होऊं लागतात. डबे कोणी करावयाचे, मोटारींत कोण कोण मावेल, आजोबांना न्यावें कीं नाहीं, ह्या गोष्टींचा खल दोन दोन दिवस चालतो. पायांत काय घालावयाचें हा प्रश्न मात्र निघावयाच्या सकाळीं उंबरठ्यावर सुटतो. आणि तो बहुधा असा सुटतो कीं, कॉलेजांत जाणाऱ्या पुतण्याच्या पायांत चार हजारांचे बूट असतात, आणि त्याच्या काकूंच्या पायांत रोज भाजी आणावयास जातांना घालावयाची, तळ झिजून गुळगुळीत झालेली चप्पल असते. पुतण्याला बूट नकोत असें माझें म्हणणें नाहीं. परंतु वाट दोघांना एकच असते, आणि घसरून मनगट मोडण्याची भीति पन्नाशी ओलांडलेल्या काकूंना त्याच्याहून पुष्कळच अधिक असते. तेव्हां घरांत एकच जोडा नवा घ्यावयाचा असेल तर तो कोणासाठीं, ह्याचा विचार खरेदीपूर्वीं व्हावा.

जोड्याची परीक्षा चढतांना होत नाहीं, उतरतांना होते. चढतांना दम लागतो, म्हणून सर्वांचें लक्ष छातीकडे असतें. उतरतांना शरीराचा भार पुढें येऊन पाऊल जोड्यांत पुढें सरकतें, आणि जागा पुरेशी नसली म्हणजे पावलागणिक अंगठ्याचें नख जोड्याच्या टोंकावर आपटतें. गडावरून आल्यावर चार दिवसांनीं नख काळें पडलेलें दिसतें तें ह्यामुळें. सिंहगडाच्या पायवाटेनें उतरावयाचें म्हणजे सुमारें ६०० मीटर उंची खालीं यावयाचें. तेवढ्यांत हा आघात किती वेळां होत असेल ह्याचा हिशेब ज्याचा त्यानें करावा. म्हणून दुकानांत जोडा घालून पाहतांना प्रथम नाडी सैल सोडून पाऊल अगदीं पुढें सरकवावें, व टाचेच्या मागें एक बोट सहज जातें कीं नाहीं तें पाहावें. मग टाच मागें नेऊन नाडी घोट्यापाशीं घट्ट बांधावी आणि दुकानाच्या जिन्यावरून चारदोन वेळां उतरावें. बोटें पुढें लागतां कामा नयेत आणि टाच आंत उचलली जातां कामा नये. दुकानदार कंटाळला तरी चालेल.

ही खरेदी संध्याकाळीं करावी. दिवसभर वावरून पाऊल थोडें फुगलेलें असतें, आणि गडावरहि तें फुगणारच असतें. जे मोजे घालावयाचे तेच बरोबर न्यावे. ते सुती नसले तर उत्तम, कारण सुती मोजा घाम धरून ठेवतो आणि ओल्या कातड्यावर घर्षणानें फोड लवकर येतात. दोन्ही पावलें तंतोतंत सारखीं क्वचित् असतात. मोठ्या पावलाचें माप धरावें. “माझा नंबर पांच” हें वाक्य कित्येक स्त्रिया लग्नापासून म्हणत आलेल्या असतात. गरोदरपणांत पाऊल लांबतें आणि पुष्कळदां तें तसेंच राहतें. वयाबरोबर तळव्याची कमान बसून पुरुषांचेंहि पाऊल पसरतें. नंबर पुनः मोजून घेण्यांत लाज कसली?

एकत्र कुटुंबांत थोरल्याचा सदरा धाकट्यास होतो, पुस्तकें होतात, सायकल होते. जोड्याला मात्र ही काटकसर लागूं करूं नये. तो पहिल्याच्या पावलाप्रमाणें वाकलेला व झिजलेला असतो. न बसणाऱ्या जोड्यापेक्षां अनवाणी पाय बरा, हें एका थोर धांवपटूनें जगाला दाखविलें आहे. इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० सालीं रोमच्या ऑलिंपिकमध्यें मॅरेथॉन अनवाणी धांवून जिंकला, तो नवे बूट त्याच्या पायाला नीट बसेनात म्हणून. १९६४ सालीं टोकियोस त्यानें हीच शर्यत पुनः जिंकली, तेव्हां त्याच्या पायांत बूट होते.

मापानंतर तळ. पूर्वीं युरोपांतील गिर्यारोहक तळाला लोखंडी खिळे मारलेले बूट वापरीत. १९३५ सालीं इटलींतील पुंता रासिका ह्या शिखरावर वादळांत सांपडून सहा गिर्यारोहक मृत्यु पावले, आणि अपुरीं पादत्राणें हें त्याचें एक कारण मानलें गेलें. त्यांचा मित्र व्हिताले ब्रामानी ह्यानें त्यानंतर खोल खांचा असलेला रबरी तळ तयार केला; १९३७ सालीं तो बाजारांत आला, आणि १९५४ सालीं के-टू शिखर प्रथम जिंकणाऱ्या इटालियन तुकडीच्या बुटांना तोच होता. आज दुकानांत दिसणारे खांचांचे तळ हे सगळे त्याचेच वंशज.

परंतु खांचा पाहून भुलूं नये. खांचा माती, चिखल व घसारा ह्यांत उपयोगी पडतात. आपला सह्याद्रि म्हणजे काळा कातळ. त्यावर पाय धरतो तो रबराच्या मऊपणामुळें. अंगठ्याच्या नखानें तळ दाबून पाहावा. नख किंचित् रुतलें तर ठीक, प्लॅस्टिकसारखा टणक लागला तर तो जोडा कितीहि देखणा असो, घरीं आणूं नये. कोरड्या कातळावर साधा कापडी हंटर बूटदेखील उत्तम चालतो. कित्येक भटक्यांनीं ह्या डोंगरांत वर्षानुवर्षें दुसरें कांहीं घातलें नाहीं. शेवाळलेल्या ओल्या पायरीवर मात्र कोणतेंहि रबर भरंवशाचें नाहीं. तेथें हात टेंकून, बसून उतरावें.

कोल्हापुरी चपलेविषयीं मला आदर आहे. बाभळीच्या सालीनें व हिरड्यानें कमावलेल्या कातड्याची ती वस्तु २०१९ सालीं भौगोलिक निर्देशांकाची मानकरी झाली, तें योग्यच झालें. सपाट, कोरड्या वाटेवर ती सुरेख चालते. पण तिचा कातडी तळ ओल्यावर घसरतो आणि टाच मोकळी राहते. गडाच्या उतरणीवर ह्या दोन्ही गोष्टी वाईट. आळंदीहून पंढरपूरपर्यंतचे सुमारें २५० किलोमीटर वारकरी साध्या चपलांनीं चालून जातात, असें कोणी म्हणेल. खरें आहे, परंतु ती बहुतेक सडकेची वाट आहे, गडाची नव्हे.

काकूंसाठीं काय घ्यावें? मागें टाचेला पट्टा असलेली, बोटें झांकणारी, मऊ रबरी तळाची सँडल, किंवा साधा हलका बूट. साडीखालीं बूट कसा दिसेल हा प्रश्न त्यांना पडतो, आणि तो त्यांना पडूं देण्यांत घरांतील पुरुषांना कांहीं वावगें वाटत नाहीं, हें मला खटकतें. घोट्यापर्यंतचे जड बूट मात्र एका दिवसाच्या वाटेसाठीं घेऊं नयेत. पायांतलें वजन पाठीवरच्या तेवढ्याच वजनाच्या चारपांच पट दमवितें, असें सैनिकांवरील प्रयोगांत आढळलें आहे. जलाभेद्य म्हणून विकले जाणारे महाग बूटहि आपल्या पावसाळ्यांत फसवे. पाणी वरून आंत शिरतें आणि बाहेर पडावयास वाट राहत नाहीं. त्याहून पाणी निथळूं देणारा कापडी बूट बरा.

मोठ्या हौसेनें घेतलेले आणि कपाटांत जपून ठेवलेले बूट हीहि एक घरगुती आपत्ति आहे. पुष्कळ बुटांच्या तळांत पॉलियुरेथेन नांवाचा फेसाळ थर असतो. हवेंतील दमटपणानें तो न वापरतांहि कुजत जातो. मुंबई-कोंकणाच्या हवेंत तर विचारावयासच नको. पांचसात वर्षें पडून असलेला बूट वरून नवा दिसतो आणि अर्ध्या वाटेंत त्याचा तळ गळून हातांत येतो. निघण्यापूर्वीं आठवडाभर तो घालून गल्लींत फिरावें, म्हणजे फजिती दाराशींच होईल.

राहतां राहिले आजोबा. त्यांना मधुमेह असेल तर पावलांची संवेदना मंदावलेली असूं शकते, आणि मग “कांहीं टोंचत नाहीं” ह्या त्यांच्या शब्दावर भिस्त ठेवतां येत नाहीं. त्यांनीं नव्या जोड्यानें गडाची वाट धरूं नये. घालण्यापूर्वीं जोडा उलटा करून झटकावा व आंत हात फिरवून खडा, खिळा किंवा दुमडलेलें अस्तर नाहीं ना तें पाहावें. घरीं आल्यावर दोन्ही पावलें उजेडांत, तळवे व बोटांच्या बेचकींसकट तपासावीं. त्यांना स्वतःला वाकतां येत नसेल तर नातवानें तीं पाहावीं, आणि लाली किंवा फोड आढळल्यास दुसऱ्याच दिवशीं डॉक्टरांना दाखवावा.