जोडीदाराची बाजू

यंदाचा दिवाळी अंक एका परक्या लेखिकेच्या संसारापासून सुरू करतो आहोत. तिच्या लेखनातला एक प्रश्न आज आपल्याही दारात उभा आहे, म्हणून.

मिनी ब्रूस प्रॅट यांचा जन्म १९४६चा, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातला. लग्न झालं, दोन मुलगे झाले. पुढे आपलं प्रेम बाईवर जडतं हे त्यांना उमगलं आणि त्यांनी ते झाकून ठेवलं नाही. मुलांचा ताबा गेला. त्या राहत असलेल्या नॉर्थ कॅरोलिनाच्या कायद्यात तेव्हा समलिंगी संबंध म्हणजे निसर्गाविरुद्धचा गुन्हा होता. या कायद्याचं मूळ इंग्रजी; समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं आपलं कलम ३७७ हीसुद्धा त्याच मुळाची देणगी होती. मुलांपासून तुटण्याच्या कविता त्यांनी लिहिल्या आणि संग्रहाला नाव दिलं 'क्राइम अगेन्स्ट नेचर'. १९८९ साली त्याची लॅमाँट पुरस्कारासाठी निवड झाली. आपल्यावरचा आरोप स्वतःच्या हातानं मुखपृष्ठावर छापायला केवढी छाती लागते!

१९९२ पासून लेस्ली फाइनबर्ग यांची साथ सुरू झाली. बफेलोच्या कामगारवस्तीत वाढलेल्या, कम्युनिस्ट, लेस्बियन आणि ट्रान्सजेंडरही म्हणवणाऱ्या लेस्लींची 'स्टोन बुच ब्लूज' ही कादंबरी १९९३ मध्ये आली. तिच्यातली जेस हार्मोन्स घेते, छातीची शस्त्रक्रिया करून घेते, पुरुष म्हणून नोकरी करते, आणि एके दिवशी इंजेक्शनं बंद करते. लिंगबदलाची वाट सरळ एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातेच असं नाही, हे इतक्या आतून फार थोड्यांनी लिहिलंय.

पण आम्हाला बोलायचंय ते लेस्लींच्या शेजारी चालणाऱ्या बाईबद्दल. रस्त्यानं जाताना लोकांना हे जोडपं चारचौघांसारखं नवरा-बायको वाटे. जी ओळख सांगितली म्हणून पोटची मुलं दुरावली, तीच ओळख आता जोडीदाराचा हात धरला की पुसली जायची. प्रॅट यांनी १९९५च्या आपल्या गद्य पुस्तकात ही कोंडी छोट्या छोट्या प्रसंगांतून मांडली. लेस्ली पुरुष दिसतात म्हणून आपण लेस्बियन उरलो नाही, हे त्यांना मान्य नव्हतं. आपण लेस्बियन आहोत म्हणून लेस्लींनी निव्वळ बाई असावं, हा हट्टही त्यांनी धरला नाही. स्वतःचं नाव न सोडता दुसऱ्याला त्याचं नाव घेऊ देणं, हे आम्हाला या संसाराचं सगळ्यात मोठं काम वाटतं.

आपल्या दारात उभा असलेला प्रश्न हाच. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली. मात्र ट्रान्स व्यक्तीला स्त्री-पुरुष नात्यात लग्न करता येईल, असं म्हटलं. म्हणजे एकत्र राहणाऱ्या दोघींपैकी एक जण कागदोपत्री पुरुष झाला, तर विवाहाची वाट मोकळी होते. मग दुसरी कोण ठरते? नुसती 'पत्नी'? तिची इतक्या वर्षांची ओळख कुठल्या रकान्यात लिहायची? कायदा हे विचारत नाही. साहित्यानं विचारायला हवं.

प्रॅट आणि फाइनबर्ग यांनी २०११ मध्ये मॅसॅच्युसेट्स आणि न्यूयॉर्क अशा दोन राज्यांत लग्न केलं. तोवर गोचिडीतून आलेल्या आजारानं लेस्ली खंगल्या होत्या. सिरॅक्यूजच्या घरातून बाहेर पडवेना, तेव्हा त्यांनी खिडकीच्या जाळीआडून मोहल्ल्याचे फोटो काढले. २०१४ मध्ये त्या गेल्या. त्या आजारपणातल्या आणि नंतरच्या दिवसांच्या कविता प्रॅट यांच्या 'मॅग्निफाइड' या २०२१च्या संग्रहात आहेत. २०२३ मध्ये प्रॅटही गेल्या.

मराठीत ट्रान्स व्यक्ती आता स्वतःबद्दल लिहू लागल्या आहेत, ही फार आनंदाची गोष्ट. त्यांच्यासोबत घर चालवणाऱ्यांचं लेखन मात्र आमच्या टपालात अजून दिसत नाही. कुणी लिहिलं असेल, वहीत ठेवलं असेल, तर पाठवा. टोपणनाव चालेल, हस्तलिखित चालेल. पुढच्या अंकातली पानं त्यासाठी आजच राखून ठेवली आहेत.