ध्रुवावरचा बर्फ आणि कृष्णाकाठ

या अंकाचा विषय आहे भारताचे ध्रुवीय धोरण. दुष्काळी माण-खटावला आणि जतला पाण्याच्या टँकरची वाट पाहणाऱ्यांना ध्रुवावरच्या बर्फाचे काय, हा आक्षेप रास्त आहे, पण अपुरा. मार्च २०२२ मध्ये जाहीर झालेल्या आर्क्टिक धोरणातच तिथले बदल आणि आपला मोसमी पाऊस यांच्या नात्याच्या अभ्यासावर भर आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत शिरलेले कृष्णेचे पाणी ध्रुवामुळे आले, असे आम्ही म्हणणार नाही. पण पाऊस असा का वागतो हे शोधताना ध्रुव वगळून चालणार नाही. आर्क्टिकमधल्या स्वालबार्डमध्ये २००८ पासून असलेले हिमाद्री आणि अंटार्क्टिकातली मैत्री व भारती ही भारताची संशोधन केंद्रे गोव्यातल्या वास्कोहून चालवली जातात.

आर्क्टिक धोरणात खनिजे आणि जहाजमार्गही आहेत. ‘इतर देश पुढे गेले, आपण मागे का राहावे?’ हा युक्तिवाद आम्हाला पटत नाही. बर्फ वितळण्याची काळजी आणि वितळल्यावरच्या लाभाची आशा एकत्र नांदत नाहीत. आधी विज्ञान, हीच आमची भूमिका. लेखही त्याच दिशेने निवडले आहेत. दुष्काळी आणि पूरपट्ट्यातल्या वाचकांनी मतभेदासह जरूर लिहावे.